पाठीवरचं नाव

अन्याय सोनाली वाबळेवर झाला. लोणी काळभोरच्या शाळेतली, दहावीतली मुलगी. सतरा वर्षांखालच्या मुलींची जिल्हा खो-खो स्पर्धा, उपांत्य सामना. पहिला डाव संपून मध्यंतराची शिट्टी वाजली होती आणि सोनालीने नुकताच पाण्याचा ग्लास तोंडाला लावला होता, तेव्हा. तिला त्या ग्लासासकट मंडपातल्या टेबलापुढे नेलं. वीस मिनिटांनी ती मैदानाबाहेर गेली, ती पुन्हा कुठल्याच मैदानात खेळायला उतरली नाही. अन्याय करणाऱ्यांत एक स्पर्धा समिती होती, एक क्रीडाशिक्षक होते आणि एक मी होते. पहिल्या दोघांबद्दल मी ढीगभर लिहू शकते, त्याची मला सवय आहे. हे प्रकरण तिसरीबद्दल आहे.

कुणावर अन्याय झाला आणि नेमका कधी, हे पहिल्या ओळीत. काय हवंय ते शेवटच्या ओळीत. मधे रडगाणं कमीत कमी. ही आमच्या घरची शिस्त. आई अंगणवाडी सेविकांच्या संघटनेचं काम करायची आणि संघटनेची बहुतेक पत्रकं कोथरूडच्या आमच्या दोन खोल्यांत, ओट्याशी उभं राहून लिहिली जायची. म्हणजे लिहायचे मी, आई सांगायची. एका हाताने ती फोडणी करायची, मोहरी तडतडली की थांबायची, कारण त्या आवाजात वाक्य ऐकू यायचं नाही, आणि मग हिंग टाकता टाकता म्हणायची, "हं, वाच आता पहिल्यापासून." मी वाचायचे. शेजारच्या इमारतीतल्या कुकरच्या शिट्ट्या, खाली सोसायटीच्या पंपाची घरघर, जिन्यात कुणाच्या तरी गाडीच्या किल्ल्या, आणि त्या सगळ्यावर माझा सातवी-आठवीतला किनरा आवाज, "मानधनवाढीचा निर्णय तातडीने." आई मधेच तोडायची. "मागणी कुठाय? नुसतं वाईट वाटतंय म्हणून कागद नसतो छापायचा. वाईट वाटणं घरी." बाबा एका कारखान्याच्या स्टोअर्समध्ये होते. ते संध्याकाळी येऊन पोहे खात हे ऐकायचे आणि म्हणायचे, "आमचीही एक मागणी आहे. पोह्यांवर खोबरं." आम्ही दोघी त्यांच्याकडे दुर्लक्ष करायचो. आता मी अठ्ठावीस वर्षांची आहे आणि एवढ्यात आठवणी लिहायला घेतल्या म्हणून सांगितल्यावर बाबा म्हणाले, "बरं केलंस. पुढचं आयुष्य मोकळं राहील." पुण्यात कौतुक असंच होतं.

कॅमेरा आला तो मामाकडून. मामा लग्नाचे फोटो काढायचा, त्याने नवा घेतला आणि जुना मला दिला. त्याच्या कातडी पट्ट्याला अत्तराचा आणि जिलबीच्या तुपाचा वास कायमचा बसलेला. दहावीची परीक्षा संपली होती, मला स्वतःला खेळता काही येत नव्हतं, पण आमच्या शाळेच्या मैदानावर मुलींचा खो-खोचा सराव चालायचा तिथे मी जाऊन बसायला लागले. खो-खोचा फोटो काढणं महाकठीण. मामा म्हणायचा, "नवरी कशी, एका जागी बसून असते. या तुझ्या पोरी हलतात गं." हलतात, आणि कुठे हलतील ते शेवटच्या क्षणापर्यंत त्यांनाही माहीत नसतं. मला हळूहळू कळलं की पळणाऱ्या मुलीच्या मागे लेन्स फिरवायची नाही. खांबामागे मातीत पालथं पडून राहायचं, कोपरं रुतवून, आणि वाट बघायची. कधी ना कधी पाठलाग करणारी मुलगी खांबापाशी येते, एका हाताने खांब धरते आणि अख्खं अंग पुढे झोकून सूर मारते. त्या अर्ध्या क्षणात तिचा चेहरा जमिनीपासून हातभर वर असतो आणि थेट तुमच्याकडे बघत असतो. तो चेहरा मी नंतर कुठे म्हणजे कुठेच पाहिलेला नाही. घरी आले की माझ्या कुर्त्यावर तांबडी माती आणि फक्कीचे पांढरे पट्टे असायचे. आई म्हणायची, "खेळतात त्या आणि कपडे धुवायचे मी."

संतापायला कारण लवकरच मिळालं. आमच्या शाळेच्या मुलींनी एक ढाल जिंकली. पेपरात फोटो आला. पुढे खुर्च्यांवर प्रमुख पाहुणे, विश्वस्त, मुख्याध्यापक, त्यांच्यामध्ये ढाल, आणि मागे उभ्या मुली, त्यातल्या तीन ढालीमागे झाकलेल्या. खाली चार ओळी नावं. सगळी खुर्च्यांवरची. पुढे 'व विजयी संघ'. मी तो पेपर घेऊन तडक स्वयंपाकघरात गेले. आईने डोळे बारीक करून वाचलं आणि म्हणाली, "मग? लिही." अर्ध्या तासात पत्रक तयार. मथळा होता, 'मुलींना नावं असतात'. दीडशे झेरॉक्स मी मैदानामैदानांवर वाटल्या, पंचांना, पालकांना, भेळवाल्यालासुद्धा. मग फोनवर पान सुरू केलं. नाव ठेवलं 'नावासकट'. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: इथे प्रत्येक मुलीला नाव विचारूनच फोटो लावला जातो. हे वाक्य मला फार आवडायचं. आईलाही. क्रीडाशिक्षक सबनीस सरांनाही आवडलं, त्यांनी मला सगळ्या स्पर्धांना मैदानाच्या आत बसायची परवानगी मिळवून दिली. "ही मुक्ता. आमच्या शाळेची," ते सगळ्यांना सांगायचे. "हिला प्रत्येक पोरीचं नाव पाठ असतं."

बऱ्याचदा असायचंही. सामना संपला की मी वही घेऊन मुलींच्या घोळक्यात शिरायचे. घाम, लिंबूसरबत, गूळ-शेंगदाणे, एकमेकींच्या वेण्या सोडवत बसलेल्या मुली, आणि मधे मी, "तुझं नाव? ऱ्हस्व की दीर्घ?" हसायच्या. एकीने विचारलं होतं, "ताई, जनगणना हाय का?"

तो फोटो येरवड्याच्या एका मैदानावरचा. निमंत्रित शाळांचे सामने होते, वयोगटाची अट नव्हती, हौसेचा मामला. लोणी काळभोरच्या संघातली एक मुलगी, आठवीतली असेल, काटकुळी, तिची जर्सी खांद्यावरून घसरत होती म्हणून गळ्याशी सेफ्टी पिन लावलेली. तिने खांबावर सूर मारला आणि मी खांबामागे होते. बस. पिन चकाकलेली, तोंड उघडं, एक पाय अजून मागे हवेत, आणि डोळे असे की जणू तिला जमीन लागणारच नाहीये. मी काढलेल्या हजारो फोटोंत तो एक फोटो आहे. मला तिथेच कळलं होतं. सामना उशिरा संपला, मला कोथरूडपर्यंत दोन बस बदलायच्या होत्या, पहिली समोर येऊन उभी राहिली आणि मी पळाले. नाव विचारायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी, गॅसवर दूध ठेवलेलं आणि 'लक्ष ठेव गं' असा हुकूम असताना, मी फोटो चाळत बसले. तिचाच पाठमोरा एक फोटो सापडला. पाठीवर छापलेलं, 'रूपाली वाबळे', खाली सात. वा, म्हटलं, कामच झालं. लिहिलं: रूपाली वाबळे, लोणी काळभोर. दूध उतू गेलं ते वेगळं.

जर्सी थोरल्या बहिणीची होती. हे आज एखाद्या लहान मुलालाही सांगायची गरज पडणार नाही. मैदानावर वाढलेल्या कुणालाही माहीत असतं की गावाकडच्या शाळेत जर्सी अंगावरून अंगावर जाते, थोरलीची धाकटीला, धाकटीची चुलत बहिणीला, आणि पाठीवरचं नाव हे फार तर ती पहिल्यांदा कुणासाठी शिवली एवढंच सांगतं. मलाही माहीत होतं. मी स्वतः 'अक्षय' लिहिलेल्या जर्सीत खेळणारी मुलगी पाहिली होती, तिला विचारून 'अश्विनी' असं लिहिलंही होतं. पण इथे पाठीवर मुलीचंच नाव होतं, ते फोटोला शोभत होतं, आणि मला घाई होती. तो फोटो खूप फिरला. कुणीतरी फ्लेक्सवर लावला, एका पुरवणीत छापून आला, शाळांच्या जिमखान्यांत चिकटवला गेला. सगळीकडे नावासकट. चार दिवसांनी पानावर एका अनोळखी मुलाने खाली लिहिलं, 'ताई ही रूपाली नाय धाकटी हाय'. मी ते वाचलं. त्याला अंगठा दिला आणि पुढे गेले. एवढं एकच वाक्य लिहिण्यासाठी मी ही पानं लिहायला घेतली आहेत, बाकीचं त्याच्याभोवतीचं समजा.

दोन वर्षांनी ती जिल्हा स्पर्धा. मी तेव्हा एकोणीस वर्षांची, कॉलेजात. सामना आमच्याच कोथरूडच्या शाळेविरुद्ध, मैदानही आमचंच. सोनाली वाबळे आता दहावीत होती, स्वतःच्या मापाची जर्सी, आणि पहिल्या डावात तिने आमच्या मुलींना अक्षरशः झोपवलं. मंडपात बसलेले राज्य निवड समितीचे दोघे-तिघे तिच्याचसाठी आले होते असं त्यांच्या क्रीडाशिक्षिका शेवाळे मॅडमनी मला आधीच सांगितलं होतं. महाराष्ट्राच्या संघासाठी शिबिर होणार होतं आणि ही मुलगी त्यात असणार हे जवळजवळ ठरलंच होतं. "बघच तू आज," मॅडम म्हणाल्या. "हिच्या घरात हिच्याआधी कुणी जिल्ह्याबाहेर गेलेलं नाही, लग्नाला सोडून." मी खांबामागे मातीत पडून बघत होते. मी तिला ओळखलं. म्हणजे चेहरा ओळखला. मनात आलं, अरे, ही माझी सूरवाली रूपाली. समोरच्या यादीत सोनाली लिहिलं होतं तरीही मला काही खटकलं नाही.

सबनीस सरांना खटकलं. किंवा हरायला लागल्यावर खटकलं. मध्यंतरात त्यांनी समितीकडे लेखी आक्षेप दिला: ही मुलगी रूपाली वाबळे आहे, तीन वर्षांपूर्वीच्या यादीत तिची जन्मतारीख आहे, ती आज एकोणीस वर्षांची आहे आणि धाकट्या बहिणीच्या कागदांवर खेळते आहे. पुरावा म्हणून फोनवर मी काढलेला तो सुराचा फोटो. नुसता फोटो आणि त्याखालचं नाव, त्याखालची लोकांची वाक्यं नाहीत.

"मुक्ता, इकडे ये गं जरा," सरांनी हाक मारली.

टेबलामागे समितीचे अध्यक्ष बसले होते, पुढ्यात थर्मास आणि बिस्किटांची बशी. टेबलापुढे सोनाली, हातात ग्लास, केसांत माती. बाजूला शेवाळे मॅडम, लालबुंद.

"हा फोटो आपण काढलाय?" अध्यक्षांनी विचारलं.

"हो."

"साहेब, मी सोनाली हाय," ती म्हणाली. "रूपाली माझी मोठी बहीण. जर्सी तिची व्हती तवा, म्हणून."

"बाळ, मी तुला विचारलं का? सगळे असंच सांगतात."

"अहो, आधार कार्ड बघा ना तिचं!" मॅडम म्हणाल्या.

"बघितलं. त्यावर पाच वर्षांचं लेकरू आहे. ते आपणही असाल आणि मीही."

"मग रूपालीला व्हिडिओ कॉल लावते. हडपसरला नर्सिंगच्या क्लासला आहे ती. दोघींची तोंडं शेजारी शेजारी बघा."

"फोनवर काय, कुणीही तोंड दाखवेल," अध्यक्ष म्हणाले, आणि हातातला फोन, ज्यावर माझा फोटो होता, त्यांनी माझ्यापुढे धरला. "आपलं पान मला माहितीये. चांगलं काम आहे. हे नाव आपण विचारून लिहिता ना?"

फोटोत गळ्याशी पिन चकाकत होती. त्या पिनेकडे बघताना मला सगळं आठवलं: बस, दूध, पाठमोरा फोटो, त्या मुलाचं वाक्य, माझा अंगठा. हे एका क्षणात आठवतं, त्याला वेळ लागत नाही. मला म्हणता आलं असतं, 'नाही, हे मी जर्सीवरून उतरवलं.' पाच शब्द. सबनीस सर माझ्याकडे अभिमानाने बघत होते. भोवती दहा-बारा मुली जमल्या होत्या, ज्यांना मी वही घेऊन नावं विचारली होती. आणि माझं ते ठळक वाक्य होतं.

"विचारूनच लिहिते," मी म्हणाले.

सोनालीने माझ्याकडे बघितलं. ओरडली नाही, रडली नाही. तिला खरंच कळलं नव्हतं की कॅमेरावाली ताई असं का म्हणतेय. तिने ग्लास टेबलावर बिस्किटांशेजारी ठेवला, नीट, न सांडता. लोणीचा संघ बाद. सोनालीवर दोन वर्षांची बंदी. त्यांच्या मुली जोडे न काढता गाडीत जाऊन बसल्या. आमच्या मुली जिंकल्या होत्या आणि त्यांना टाळ्या वाजवाव्यात का ते समजत नव्हतं.

घरी त्या दिवशी आमटी-भात होता आणि आईचं एक पत्रक अडलं होतं. "बस, घे लिहून," ती म्हणाली. मी लिहिलं. एका सेविकेला खोट्या अहवालावरून कामावरून काढलं होतं त्याबद्दल होतं. मी ते वाचून दाखवलं, माझा आवाज नेहमीसारखाच होता. याची मला आजही लाज वाटते, की आवाज नेहमीसारखा होता.

दोन दिवसांनी शेवाळे मॅडमचा फोन आला. त्यांनी अपील केलं होतं. "मुक्ता, मी कुणालाही दोष देत नाही. तू फक्त एक ओळ लिहून दे, बाळा. की नाव जर्सीवरून घेतलं असू शकतं. 'असू शकतं' लिही हवं तर. शिबिराच्या आधी मिळालं पाहिजे पण." मी म्हणाले, देते. अर्ध्या तासात पत्रक लिहिणारी मी, त्या एका ओळीला मी तीन आठवडे लावले. खोटं सांगत नाही, मी रोज लिहायला बसायचे. समितीच्या मनमानीवर दोन पानं झाली. ग्रामीण मुलींवरच्या संशयावर एक झणझणीत परिच्छेद झाला. ती ओळ तेवढी यायची नाही, कारण त्या ओळीत मी होते. शेवटी आईला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं नाही. पोळी तव्यावर टाकून, उलटून, भाजून, तूप लावून झाल्यावर म्हणाली, "पहिली ओळ काय असते?" पुढची पोळी लाटायला घेत तीच म्हणाली, "कुणावर, कधी. आणि कुणी, हे मी तुला कधी शिकवलं नाही. माझीच चूक. आपण कायम दुसऱ्यांबद्दलच लिहीत आलो." मी त्याच दुपारी पत्र दिलं. बंदी उठली. तोवर शिबिर होऊन संघ जाहीर झाला होता. सोनालीच्या वडिलांनी मॅडमना सांगितलं, जिथं पोरीला खोटारडी म्हणतात तिथं परत धाडायची नाही.

मी पान बंद केलं. कॅमेरा मामाला परत दिला. नंतर मी पुष्कळ आंदोलनं केली, माझी भाषणं लोकांना आवडतात. मात्र लोणी काळभोरला जायला मला नऊ वर्षं लागली.

गेल्या दिवाळीनंतर गेले. सोलापूर रस्त्याला लागून रोपवाटिका आहेत, त्यातल्या एकीत सोनाली काम करते. पिशव्यांत माती भरत होती, कोपरापर्यंत तांबडी. शेजारी मोढ्यावर रूपाली, सुट्टी होती म्हणून डबा घेऊन आलेली. दोघी शेजारी शेजारी. अजिबात सारख्या दिसत नाहीत.

मी माझं नाव सांगितलं. रूपालीनेच आधी तोंड उघडलं. "म्हंजी तुमी त्या व्हय! अवो, नाव छापायचं म्हणून निघालात आन् इचारायलाच इसरलात?" मी म्हणाले, हो. "आमी तवा लई हसलो बगा. मी मैत्रिणींना दाखवत फिरले, बगा बगा मी कशी उडते. मीच आधी खोडलं असतं तर." तिचं हसू तिथेच संपलं.

मी पाठ केलेलं सगळं बोलले. शेवटी म्हणाले, "तो फोटो जिथे जिथे असेल तिथून मी काढायला लावते. आत्तापासून." सोनालीचे हात पहिल्यांदा थांबले.

"काढू नका," ती म्हणाली. "माझा खेळतानाचा तेवढाच एक फोटो हाय. दुसरा कुणी काढलाच न्हाई कधी." तिने एक पिशवी ठोकून बसवली. "माफी-बिफीचं ऱ्हाऊ द्या, ताई. जेवून जा. नाव तेवढं बदला."

बाजरीची भाकरी होती, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा. मी जेवले. सोनालीने मला दुसऱ्यांदा वाढलं नाही, रूपालीने वाढलं.

मी माझ्या परीने बदलत आले आहे. पण तो फोटो माझ्या हातातून केव्हाच गेलाय. तो अजून जिमखान्यांत आहे, शाळांच्या पायऱ्यांवरच्या फळ्यांवर आहे, तुमच्या फोनमध्ये कुणीतरी कधीतरी पाठवलेला आहे. ओळखायला सोपा आहे: खांब, तांबडी माती, हवेतली मुलगी, गळ्याशी सेफ्टी पिन. तो दिसला की मला कळवू नका, परवानगी मागू नका, हळहळू नका. पेन घ्या. 'रूपाली' खोडा. 'सोनाली वाबळे' लिहा.